उचलणं कमी कर

९ जानेवारी

ताई,

नमस्कार. आडवं पडून लिहितेय, म्हणून अक्षर असं कोंबडीच्या पायांचं. हसू नका. माझी पाठ गेली.

फोनच करणार होते, पण फोनवर आपल्या दोघी जावांचं तिसऱ्या वाक्याला वाजतं. पत्रात निदान माझं बोलणं मधेच कुणी तोडत नाही. शिवाय सासूबाईंना फोनवरचं काडीचं ऐकू येत नाही, पण पोस्टमन आला की बरोबर कळतं.

झालं असं, परवा सकाळी त्यांना पलंगावरून कमोडच्या खुर्चीत बसवत होते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचे पाय नुसते दाखवायला आहेत, सगळा भार माझ्या गळ्यात. नेहमीसारखे काखेत हात घालून उचललं आणि खुर्चीकडे वळले, तर कमरेत काहीतरी सटकलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यांना सोडताही येईना, धरवतही नाही. शेवटी दोघी मिळून पलंगावर आडव्या. वर त्यांनीच मला विचारलं, "ही काय झोपायची वेळ आहे?"

डॉक्टर म्हणाले स्नायू आखडलाय, मणक्याच्या चकतीवरही थोडा दाब आहे, पाठीला जपा. जपा म्हणजे नेमकं काय करू? हे आठवडाआठवडा ट्रकवर, घरी येतात ते झोपायला. अर्धा दिवस मी लाँड्रीत इस्त्री मारते. तेवढा वेळ शेजारची शिंपीणबाई डोकावून जाते, पण हात लावायची तिला परवानगी नाही. उरलेला दिवस माझा उठवण्या-बसवण्यात जातो. चहा झाला की उठवा, पाणी प्यायल्या की उठवा, जेवल्या की उठवा. डायपरचं नाव काढलं तर "मी काय तान्ही आहे?" म्हणून वाटी भिरकावली. मदतीला बाई ठेवावी तर परका हात चालत नाही. माझाच हात चालतो, आणि त्यालाही नावं ठेवतात.

म्हणून आडपडदा न ठेवता विचारते. दोन महिने त्यांना तुमच्याकडे न्याल का? भावजी रोज घरी येतात, दोघं मिळून उचलाल. हात जोडून मागतेय असं समजा. जोडतानाही कळ येते.

धाकटी


१७ जानेवारी

धाकटे,

पत्र वाचून जीव कळवळला. पाठदुखी काय चीज असते ते या घराण्यात मला विचार.

आधी तुझ्या मागणीचं. आमचं घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट कायमची आजारी. सासूबाईंना वर आणायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलायला हवं, आणि एकदा आणल्या की दवाखान्यालाही खाली नेता यायचं नाही. माझी स्वतःची चकती सरकलेली. फिजिओथेरपीच्या बाईंनी मला भरल्या बादलीला हात लावायचीही बंदी केलीय. शाळेच्या ऑफिसात मी निम्मा दिवस उभी राहून कारकुनी करते, कारण बसवत नाही. तेव्हा सध्या नाही जमणार. राग मानू नकोस.

पण मला जे शिकवलंय ते सगळं तुला देते. नीट वाच आणि पाळ, वाचून ठेवून देऊ नकोस.

अंथरुणातून सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळ, पाय खाली सोड आणि मग हाताने रेटा देऊन उठ. दात घासताना एक हात बेसिनवर टेकव. शिंक येतेय असं वाटलं की भिंत धर, गुडघे थोडे वाकव. इस्त्री करताना एक पाय छोट्या स्टुलावर ठेव, थोड्या वेळाने दुसरा. खाली पडलेलं उचलताना कमरेत वाकू नकोस, गुडघ्यात बस. ओझं पोटाशी घे. हात लांब करून उचललेला तांब्याही पाठीला हंड्याएवढा लागतो. आणि ओझं धरून कमरेतून वळायचं कधीच नाही, तुझं तिथेच चुकलं. वळायचं तर पावलं वळव. खुर्ची पलंगाला चिकटवून ठेव. सासूबाईंच्या कमरेला रुंद पट्टा बांध आणि तो धर, काखेत हात घालून ओढू नकोस. त्यांना आधी पुढे झुकायला सांग, त्यांच्याच जोरावर अर्धं काम होतं.

आता सगळ्यात मोठा नियम. हा बाई मला दर भेटीत पाठ म्हणून दाखवायला लावतात. उचलणं कमी कर. दर वेळी आधी विचार, हे आत्ता उचलायलाच हवं का? नसेल तर राहू दे. दिवसाकाठी जितकं टळेल तितकं टाळ. पाठ एकदा कायमची गेली की माणूस दुसऱ्याच्या हातावर येतो, आणि तुला उचलायला कोण आहे?

सासूबाईंना नमस्कार. पत्र त्यांना वाचून दाखवशीलच, मामंजींनी घालून दिलेली शिस्त, घरात आलेलं पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. माझं हे दुखण्याचं पुराण त्यांना नको असेल तर गाळ.

थोरली


२८ जानेवारी

ताई,

पत्र मिळालं. गाळलं नाही. एक अक्षरही गाळलं नाही.

एरवी तुमची पत्रं वाचताना मी बरंच इकडचं तिकडे करते. तुम्ही लिहिता, "हट्ट कमी झाला का त्यांचा?" आणि मी वाचते, "प्रकृती कशी आहे त्यांची?" या वेळी मात्र माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, ऐकू दे थोरल्या सुनेचं शहाणपण. चौथा मजला ऐकू दे, बादली ऐकू दे. त्यांच्या कानाशी बसले आणि असं खणखणीत वाचलं की भिंतीपलीकडे शिंप्याचं मशीन थांबलं.

सगळं ऐकून म्हणाल्या, "उचलणं कमी कर म्हणजे? काय उचलणं?"

मी म्हटलं, "तुम्हाला. दुसरं काय, कपाट?"

त्यावर त्यांनी चष्मा मागितला आणि तो नुसताच हातात धरून बसल्या.

तुमच्या पाठीचं म्हणाल, तर मावससासूबाईंच्या नातवाच्या लग्नाचा फोटो आमच्याकडेही आलाय. झाडून सगळे खुर्च्यांवर बसलेत आणि मागे तुम्ही एकट्या ताठ उभ्या, तोंडभर हसताय. लग्नासाठी एवढा प्रवास झेपतो. सासूचं नाव निघालं की चकती सरकते.

बाकी तुमचे नियम पाळतेय. लाँड्रीत स्टूल पायाखाली घेतलं तर मालक म्हणाले, "आज बगळ्याचा अवतार का?" पण खोटं कशाला बोलू, संध्याकाळी कळ कमी होती. कुशीवर वळून उठते. शिंकेला भिंत धरते. परवा भर रस्त्यात शिंक आली, तर एका अनोळखी माणसाची सायकल धरली, तो बिचारा सायकल चोरतेय समजून ओरडला. पट्ट्याचं मात्र जमेना. बांधायला गेले तर म्हणाल्या, "मला काय गोठ्यात नेतेस?" शेवटी पुन्हा काखेत हात. नियम सगळे तुमचे, ओझं तेवढं माझं.

धाकटी


६ फेब्रुवारी

धाकटे,

फोटोचं आधी. मी उभी होते कारण मला बसता येत नव्हतं. बसले असते तर उठवायला दोघं लागली असती, आणि भरल्या हॉलमध्ये ती शोभा मला नको होती. म्हणून उभी राहिले आणि हसले. परतताना गाडीच्या मागच्या सीटवर आडवी पडून कण्हत आले. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

तुझा तरी काय दोष म्हणा. आपण एकत्र राहत होतो आणि माझी पाठ पहिल्यांदा धरली, तेव्हा तू स्वयंपाकघरात कुणालातरी म्हणालीस, "ताईंची पाठ बरोबर पाहुणे यायच्या दिवशी दुखते." मी दाराशीच होते. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, ताप आला तर अंग तापतं. पाठ कुणाला दिसत नाही, म्हणून जिची दुखते ती कामचुकार. आता तुझी दुखते तर तो आजार, आणि माझी मात्र अजून सबब.

मला टोचायला अख्खं पत्र त्यांच्यासमोर वाचलंस, वाच. माझी तिथे अशीही काय किंमत उरलीय.

एक मात्र मनापासून लिहिते, यावर तरी विश्वास ठेव. शाळेच्या परीक्षा संपल्या की एप्रिलात आम्ही तळमजल्यावर जागा बघतोय. मिळाली की सासूबाईंना नेईन. माझ्या पाठीचं व्हायचं ते होवो. तोवर तू सांभाळ, आणि उचलणं कमी कर.

थोरली


१७ फेब्रुवारी

ताई,

ते पाहुण्यांचं वाक्य मी म्हटलं असेन, मला आठवत नाही. ते भांडण एप्रिलसाठी ठेवू. आज सांगायचं दुसरंच आहे.

सासूबाई रुसल्यात. अगदी जुन्या थाटात. चहा नको म्हणतात. कप ओठाला लागायच्या आत "गार आहे" म्हणणारी ही बाई, तिला चहाच नको! उशाशी तांब्या भरून ठेवते, संध्याकाळी तो तसाच भरलेला. "तहान नाही." ताटात पातळ काही वाढलं की वाटी सरकवून देतात, कोरडं दोन घास खातात. विचारलं काय झालं, तर "काही नाही, तू तुझं काम कर."

कारण उघड आहे. तुम्ही न्यायला नाही म्हणालात ते त्यांनी पत्रात ऐकलं, तेव्हापासूनचं हे. जायचंय थोरल्याकडे आणि राग निघतोय माझ्या चहावर. पडद्यांचा रंग पसंत पडला नाही म्हणून आठवडाभर जेवल्या नव्हत्या, आठवतंय ना? तुम्ही ताट घेऊन मागे मागे फिरत होता.

एक मात्र झालंय. लिहायला लाज वाटते, पण तुम्हाला नाही लिहिणार तर कुणाला? माझी पाठ सुधारलीय. चहा नाही, पाणी नाही, त्यामुळे उठवणंही नाही. सकाळी एकदा, झोपताना एकदा, की संपलं. मधे विचारलं तर मान हलवतात. लाँड्रीतून येते, तर जशा बसवून गेले तशाच बसलेल्या. खरं सांगू? मला बरं वाटतं. काल दुपारी जरा आडवी झाले तर चक्क डोळा लागला. किती दिवसांनी.

थोड्या मलूल वाटतात, पण रुसल्यावर त्या अशाच डोळे मिटून पडतात, आपल्याला काय नवीन आहे? मनधरणी करू का? तुम्ही त्यांच्यापाशी जास्त वर्षं काढलीत, तुम्हीच सांगा.

धाकटी


२४ फेब्रुवारी

धाकटे,

मुळीच करू नकोस. पडद्यांच्या वेळी मी मनधरणी केली आणि त्याचं फळ पुढे कितीतरी वर्षं भोगलं. एकदा का त्यांना कळलं की आपण घाबरतो, की मग मिठापासून पायपुसण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर उपास. लक्षच नाही असं दाखव. कप समोर ठेव आणि निघून जा. चार दिवसांत स्वतः मागतील, आणि वर गार आहे म्हणतील.

राग माझ्यावर आहे ना, असू दे. इथे आल्यावर पोटभर काढतील.

तुझी पाठ सुधारली हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. बघ, मी सांगत नव्हते? उचलणं कमी केलं की पाठ आपसूक ताळ्यावर येते. आमच्या फिजिओबाईंना सांगितलं, त्याही खूश झाल्या. म्हणाल्या, "तुमच्या जावेने तुमच्यापेक्षा लवकर ऐकलं." आता बरं वाटतंय म्हणून नियम सोडू नकोस.

ह्यांनी एक तळमजल्यावरची जागा पाहिलीय. बाथरूमला उंबरा नाही, खुर्ची सरळ आत जाईल. खिडकीतून रस्ता दिसतो, येणाजाणाऱ्यांना नावं ठेवायची त्यांची सोय होईल. हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव. रुसवा आपोआप निघेल.

थोरली


१९ मार्च

धाकटे,

हे आईंना पोहोचवून परत आले. मला येता आलं नाही. पट्टा बांधून, ह्यांचा हात धरून खाली गाडीपर्यंत गेले, सीटवर बसले, आणि गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत कळ मस्तकात गेली. परत वर आणून टाकलं मला. लोक म्हणत असतील, थोरली सून शेवटचं तोंड बघायलाही आली नाही. तूही म्हणत असशील. म्हण.

काय झालं म्हणून ह्यांना विचारलं तर सांगतात, लघवीचं इन्फेक्शन झालं, ते किडन्यांत गेलं. डॉक्टर म्हणाले म्हणे, अंगात पाणीच उरलं नव्हतं. याहून जास्त ह्यांनाही ठाऊक नाही. तुला काही विचारायचा धीर झाला नाही म्हणाले.

धाकटे, मनधरणी करू नकोस असं मी लिहिलं होतं. पाणी पाजू नकोस असं नव्हतं लिहिलं. घरात चोवीस तास डोळ्यांसमोर असलेलं माणूस असं सुकत जातं आणि घरातल्याला कळत नाही? मी भांडायला लिहीत नाही. माझी झोप उडालीय. त्यांचा माझ्यावरचा राग शेवटपर्यंत होता का, तेवढं कळव. तळमजल्याच्या जागेला आम्ही होकार देऊन बसलो होतो.

थोरली


३० मार्च

ताई,

राग नव्हता. रुसवाही नव्हता. तो आपण दोघींनीच ठरवला होता.

तुमचं तळमजल्याचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं होतं. ऐकून नुसती मान हलवली. मला वाटलं, अजून घुश्शात आहेत. पुढे एका सकाळी हाक मारली तर मलाच विचारलं, "कोण गं तू?" अंग भाजत होतं. शिंपी आणि मी मिळून त्यांना गाडीत घातलं. तेव्हा कसली पावलं आणि कसला पट्टा, मिळेल तिथे धरलं आणि उचललं. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "पाणी किती पितात?" मी म्हटलं, "रुसल्यात." त्यांनी लगेच सलाइन लावायला सांगितलं.

सलाइन लावल्यावर दुसऱ्या दिवशी जरा शुद्ध आली. मी नेमकी औषधं आणायला खाली गेले होते. नर्स चमच्याने पाणी पाजायला गेली, तर त्यांनी तोंड मिटलं. पुढचं तिनेच मला सांगितलं, हसत हसत. तिला बिचारीला म्हातारीची गंमत वाटली.

सासूबाई तिला म्हणाल्या, "नको. प्यायलं की परत उठवावं लागतं."

नर्स म्हणाली, "आजी, इथे उठवायला आम्ही आहोत की."

तर म्हणाल्या, "तुमचं ठीक आहे. आमच्या धाकटीची पाठ गेलीय. थोरलीनं पत्रात बजावलंय, उचलणं कमी करा म्हणून. पण धाकटी कसली करतेय? सांगितलेलं पाळलंय कधी तिनं? मग मीच केलं कमी."

आवाज येतोय ना कानात? मला येतो. लाडाचा एक शब्द नाही. जाता जाताही मला गबाळी ठरवूनच गेल्या.

मी औषधं घेऊन वर आले तोवर पुन्हा ग्लानी आली होती. नंतर एक शब्द बोलल्या नाहीत. ओठ फुटले होते, म्हणून मी कापूस भिजवून लावत बसले. कापूस टेकला की ओठ घट्ट मिटायचे. मी कानाशी ओरडून सांगितलं, आई, माझी पाठ बरी झाली, प्या. ऐकू गेलं की नाही कोण जाणे. सगळा वॉर्ड वळून बघत होता.

तुम्ही लिहिलंत, पाणी पाजू नकोस असं म्हटलं नव्हतं. खरं आहे. मीही तांब्या रोज भरून ठेवत होते. कुणी येऊन विचारलं तर आपण दोघीही सुटू. पण लिहिलं तुम्ही आणि वाचलं मी. तुम्ही मला वाटेला लावायला लिहीत होता, मी तुम्हाला झोंबावं म्हणून वाचत होते, आणि ज्यांना उचलायचं त्या मधे बसून सगळं ऐकत होत्या. त्यांच्याशी आपल्यापैकी कुणीच बोलत नव्हतं. फक्त त्यांनीच ते मनावर घेतलं.

जागा सोडू नका. जिने चढायचे नाहीत, तुमच्या पाठीला बरं पडेल.

हे काल ट्रकवरून आले. पलंग अजून काढलेला नाही, त्याच्या कडेवर बसून जेवले. जेवताना इकडे तिकडे बघत राहिले, मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पाठ कशी आहे तुझी?"

ताई, माझी पाठ ठणठणीत आहे. वाकते, वळते, बादल्या उचलते, कळ म्हणून कुठे नाही. त्या गेल्या त्या आठवड्यापासून नाही. पण ते ह्यांच्या तोंडावर सांगायला जीभ रेटेना. म्हटलं, "दुखतेय."

धाकटी